पंचगंगेचं पाणी, उसाचा युरिया आणि तुमची विहीर

"पाणी उकळून प्या." आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी हे वाक्य असतं. जुलाब असोत, कावीळ असो, टायफॉइड असो, औषधाच्या चिठ्ठीखाली ते लिहिलं जातंच. सल्ला चुकीचा नाही. जंतूंपुरता तो शंभर टक्के बरोबर आहे. पण कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः करवीरपासून शिरोळपर्यंतच्या ऊसपट्ट्यात जे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पितात, त्यांना एवढं एकच वाक्य सांगून भागत नाही असं माझं ठाम मत आहे. कारण पाण्यात असे काही पदार्थ असतात, जे उकळल्याने जात नाहीत, उलट वाढतात. त्यातला आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे नायट्रेट. आणि आपल्याकडे तो कुठून येतो हे समजून घ्यायचं तर आधी नदी समजून घ्यावी लागेल.

लेख थोडा लांब आहे. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर मधलं सोडून आधी बाळांबद्दलचा भाग वाचा, मग निवांत बाकीचा.

नदी म्हणजे फक्त पात्र नव्हे

पंचगंगा म्हटलं की डोळ्यांसमोर घाट येतो, नाहीतर बातम्यांतली जलपर्णी आणि मेलेले मासे. पण नदी म्हणजे तिच्यात उताराने येणारा सगळा मुलूख. याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीतून येऊन प्रयाग चिखलीला एकत्र येतात (पाचवी सरस्वती गुप्त मानतात). तिथून साधारण ऐंशी किलोमीटर वाहून पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते.

या छोट्या नदीची एक गंमत आहे. वरच्या टोकाला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खालच्या टोकाला शिरोळमध्ये जेमतेम पाच-सहाशे. अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे एकाच नदीच्या एका टोकाला कोकणासारखा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला जवळपास दुष्काळी तालुक्यासारखा. आणि ऊस मात्र दोन्हीकडे! उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. शिरोळचा पाऊस त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. उरलेलं पाणी नदीतून उपसा योजनांच्या मोटारींनी उचललं जातं. राधानगरी धरणातून पाणी सोडायचं, नदीतल्या बंधाऱ्यांत ते अडवायचं, तिथून शेतात न्यायचं. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' तर या जिल्ह्याने सगळ्या महाराष्ट्राला दिला. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी तुंबवायचं, जूनमध्ये बरगे काढायचे.

शेतीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, त्यात वादच नाही. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं नसतं तर हा जिल्हा आजच्यासारखा दिसला नसता. पण डॉक्टर म्हणून मी त्याच व्यवस्थेकडे बघतो तेव्हा मला दुसरं काहीतरी दिसतं. बरगे घातल्यापासून पुढचे सात-आठ महिने पंचगंगा ही वाहती नदी उरत नाही. ती एकापुढे एक मांडलेल्या तळ्यांची रांग होते. कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी, गावागावांचे ओढे, कारखान्यांचं पाणी, सगळं या तळ्यांत येऊन बसतं. उन्हाळ्यात उपसाबंदी लागते तेव्हा तर नदीत ताजं पाणी किती आणि वापरून परत आलेलं किती, हा प्रश्नच असतो.

'वापरून परत आलेलं' हा शब्द लक्षात ठेवा. शेताला दिलेलं सगळं पाणी ऊस पीत नाही. काही उडून जातं, काही जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी विहिरींना मिळतं आणि हळूहळू ओढ्यांतून, काठातून पुन्हा नदीत उतरतं. खालच्या गावाची मोटार तेच पुन्हा उचलते. पाणी उडून जातं तेव्हा क्षार मागे राहतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत पाणी थोडं अधिक खारट होतं. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली ती अशीच, जास्त पाणी आणि कमी निचऱ्यामुळे. जमिनीचं जे झालं ते डोळ्यांना दिसलं, पांढरा थर आला, ऊस पिवळा पडला. त्याच जमिनीखालच्या पाण्याचं काय झालं ते दिसत नाही.

युरियाचं एक पोतं

आता थोडं गणित करू. सोपं आहे.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची अडसाली उसासाठी शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. एकरी १६० किलो. हे सगळं नत्र युरियातून द्यायचं ठरवलं तर एकरी जवळपास पावणेआठ पोती होतात (युरियात ४६ टक्के नत्र, पोतं ४५ किलोचं). ही झाली शिफारस. प्रत्यक्षात कोण किती टाकतं ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, बाकीची खतं त्याच्या कितीतरी पट महाग. मग हात सैल सुटतो, यात आश्चर्य नाही. त्यातही माती परीक्षण करून खत टाकणारे किती आणि शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून तीन टाकणारे किती?

टाकलेल्या नत्रापैकी पिकाला लागू पडतं ते साधारण एक तृतीयांश ते निम्मं. उरलेल्यातलं काही वायू होऊन हवेत जातं, काही मातीत अडकतं आणि बरंचसं नायट्रेट होतं. नायट्रेटची अडचण अशी की त्याच्यावर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋण भार असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पाट भरून पाणी सोडलं की ते पाण्याबरोबर थेट खाली उतरतं. आपल्याकडे खाली काळा कातळ. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत जे पाणी साठतं, तेच विहिरीत आणि बोअरमध्ये येतं. शेत आणि विहीर यांच्यात फारसं अंतर नसतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात याला सवलत नाही, म्हणजे 'दुसरं पाणी नसेल तर थोडं जास्त चालेल' अशी सूट काही घटकांना दिली आहे, ती नायट्रेटला दिलेली नाही. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. याचा अर्थ असा की एक किलो नत्र खाली उतरलं तर ते एक लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. एका पोत्यात वीस किलोहून थोडं जास्त नत्र असतं. म्हणजे वाया गेलेलं एक पोतं आणि वीस लाख लिटर पाणी! एकरी दोन पोती जरी खाली गेली तरी चाळीस लाख लिटर.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी साधारण पाचव्या भागात नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होतं. राजस्थान, कर्नाटक, तमिळनाडू आपल्या पुढे आहेत, पण आपणही फार मागे नाही.

इथे शेतकऱ्यावर सगळं ढकलणं मला मान्य नाही, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे नायट्रेट फक्त खतातून येत नाही. गावठाणातल्या विहिरीत ते बहुतेक वेळा शोषखड्ड्यातून, गोठ्यातून आणि उकिरड्यातून येतं. शेतातल्या विहिरीत खतातून. तुमची विहीर शौचालयाच्या खड्ड्यापासून तीस फुटांवर असेल तर उसाला दोष देऊ नका. दुसरं म्हणजे युरिया स्वस्त ठेवणं हे सरकारचं धोरण आहे आणि ऊस हेच भावाची थोडीफार हमी असलेलं पीक आहे. शेतकरी त्या हिशेबाने वागतो. तुम्ही-आम्ही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

बाळं, गर्भवती आणि बाकीचे आपण

नायट्रेट स्वतः फारसं विषारी नाही. पालक, बीट, मुळा यांत ते भरपूर असतं आणि त्या भाज्या खाव्यातच. अडचण होते ती नायट्रेटचं नायट्राइट झाल्यावर. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन करतं आणि मेटहिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा दुरुस्त करणारं एन्झाइम पुरेसं असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ते कमी असतं. शिवाय बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणू तिथे सहज वाढतात. आणि बाळाचं वजन चार किलो, पण ते वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त द्रव पितं. ते द्रव पावडरच्या दुधाचं असेल आणि दूध बोअरच्या पाण्यात कालवलेलं असेल, तर बाळाच्या ओठांना, नखांना निळसर-करडा रंग येतो, रक्त चॉकलेटी दिसतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. ती बाळंही शेतावरच्या विहिरींचं पाणी पिणारी होती.

आता उकळण्याकडे येऊ. दहा लिटर पाणी खळखळ उकळून आठ लिटर राहिलं, तर जंतू मेले, पण नायट्रेट सगळंच्या सगळं त्या आठ लिटरमध्ये राहिलं. आधी ४० मिलिग्रॅम असलेलं पाणी ५० झालं. म्हणजे मर्यादेच्या आतलं पाणी आपण काळजीपोटी मर्यादेच्या बाहेर नेलं. जी आई जास्त काळजी घेते, पाणी पंधरा-वीस मिनिटं उकळते, पुन्हा गरम करते, तिच्याच बाळाला जास्त नायट्रेट जातं. मागच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका गावातली आजी नातीला घेऊन आली होती. बाळाला नुसता सर्दी-खोकला होता. बोलता बोलता म्हणाली, "डाक्टर, पाणी निम्मं आटवून देतोय बघा, काय बी र्‍हात न्हाई त्यात." मी तिला बसवून हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आमाला आजवर कुनी सांगितलं का न्हाई?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टरांनी कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी बघितल्या, त्यामुळे आमचं सगळं बोलणं जंतूंभोवती फिरतं.

स्पष्ट सांगतो, नायट्रेटमुळे निळं झालेलं बाळ मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये एकही पाहिलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक बाळं आईच्या दुधावर असतात हे त्याचं मोठं कारण असावं. आईने नायट्रेटचं पाणी प्यायलं तरी ते दुधात फारसं उतरत नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नको, मध नको, 'उन्हाळा आहे, घोटभर पाणी दे' तेही नको. हा एक सल्ला जंतूंपासूनही वाचवतो आणि नायट्रेटपासूनही. पावडरचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी कुठलं वापरता ते डॉक्टरांना सांगा.

मग मी एवढा का लिहितोय? कारण निळी बाळं हे टोकाचं चित्र आहे. कमी प्रमाणातलं नायट्रेट वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा प्रश्न वेगळा आहे. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगं तयार होऊ शकतात आणि त्यांतली बरीच कॅन्सरकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अशा परिस्थितीतल्या नायट्रेटला 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात ठेवलं आहे. डेन्मार्कमध्ये सत्तावीस लाख लोकांच्या नोंदींवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपासपासूनच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसला. ४५ नव्हे, चार! हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. त्यावर अजून वाद आहेत. नायट्रेट थायरॉइडला आयोडीन घ्यायला अडथळा करतं हेही माहीत आहे, त्याचा रोजच्या आयुष्यात किती परिणाम होतो याचे पुरावे मात्र कच्चे आहेत.

शिरोळ तालुक्यात कॅन्सर वाढतोय ही चर्चा गेली काही वर्षं सतत कानावर येते. त्यावर माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना आवडणार नाही. रासायनिक खतांमुळेच कॅन्सर होतोय असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आज नाही. आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचं पहिलं कारण मावा आणि तंबाखू आहे, ते सोडून पाण्याकडे बोट दाखवणं मला पटत नाही. पण 'पुरावा नाही' म्हणजे 'संबंध नाही' असंही नव्हे. गाववार कॅन्सरची पक्की नोंद आणि त्याच गावांच्या पाण्याची दहा-पंधरा वर्षांची मोजणी, हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच काही बोलता येणार नाही. तणनाशकांचंही तसंच. उसात ॲट्राझिन, टू-फोर-डी सर्रास फवारतात आणि नेहमीच्या पाणी तपासणीत ती बघितलीच जात नाहीत.

इचलकरंजीची आठवण

नायट्रेटबद्दल इतकं बोललो म्हणून जंतू संपले असं समजू नका. २०१२ चा उन्हाळा सरता सरता इचलकरंजीत काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई. हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो. गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. त्याचा शरीरातला दबा धरून बसण्याचा काळ दोन ते दहा आठवड्यांचा असतो. त्यामुळे रुग्ण दिसायला लागतात तेव्हा दूषित पाणी येऊन महिना उलटलेला असतो, आणि मग पाणी तपासलं तर ते स्वच्छ निघू शकतं. साथ उन्हाळ्याच्या शेवटी येणं यातही नदीचं गणित आहे. पाणी सगळ्यात कमी, तुंबलेलं, आणि त्यात येणारं सांडपाणी मात्र बारा महिने तेवढंच.

इचलकरंजी आपल्या नदीचं पाणी सोडून मजरेवाडीला कृष्णेवर गेली, मग वारणेकडे बघायला लागली, मग दूधगंगेकडे. तिथल्या गावांनी विरोध केला. कोल्हापूरनेही काळम्मावाडीहून थेट पाईपलाईन आणली. शहरांची तहान खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण ज्याच्या हातात पैसा आणि पाईपलाईन आहे तो वरच्या स्वच्छ नदीकडे जातो आणि ज्याच्या हातात फक्त बोअर आहे तो तिथेच राहतो. शिरोळच्या टोकाच्या गावाने कुठे जायचं? त्यांच्या खाली कर्नाटक आहे.

चुकीची तपासणी, चुकीचं निदान

आपण नद्यांचं प्रदूषण मोजतो ते मुख्यतः बीओडीने, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो त्यावरून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातले आणि पंचगंगा त्यात आहे. ही यादी बीओडीवर आधारलेली. सांडपाणी ओळखायला ही तपासणी चांगली. पण नायट्रेटचा बीओडीशी संबंध नाही. उद्या कोल्हापूर-इचलकरंजीचा शेवटचा थेंब सांडपाणी शुद्ध होऊन नदीत आला आणि पंचगंगा यादीतून बाहेर पडली, तरी शेतांतून उतरणारं नत्र जसंच्या तसं राहील. फक्त शुगर तपासून 'तब्येत ठणठणीत' असं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का? किडनीचं काय, म्हणून तुम्ही विचारालच.

नाला पकडता येतो, त्याचा फोटो काढता येतो, जबाबदार कोण ते ठरवता येतं. शेतांचं तसं नाही. हजारो एकरांतून थोडं थोडं येतं, कुणा एकाचं नाव घेता येत नाही, म्हणून कुणीच बोलत नाही. आंदोलनं होतात ती नाल्यांवर आणि कारखान्यांवर. ती व्हावीतच. पण उसाबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे पक्ष एकाच वेळी गप्प बसतात!

आयोवाचंच पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. डेस मॉइन शहर ज्या रॅकून नदीचं पाणी पितं, तिचं पाणलोट म्हणजे मका आणि सोयाबीनचा समुद्र. शेतं निचऱ्याची म्हणून जमिनीखाली नळ टाकलेले. त्या नळांतून नायट्रेट मातीत रेंगाळत नाही, थेट ओढ्यात जातं. शहराला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढण्याचं खास संयंत्र उभारावं लागलं. ते चालवायला दिवसाला हजारो डॉलर लागतात. २०१५ मध्ये शहराच्या पाणी खात्याने वरच्या तीन काउंटींच्या निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. आणि २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली, कारण संयंत्राला तेवढं पाणी शुद्ध करणं झेपेना. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली ही गत आहे.

मी हे का सांगतोय? शिरोळमध्ये क्षारपड जमीन सुधारायला आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात. जमिनी पुन्हा पिकू लागल्या, शेतकऱ्याला जीव आला. मी त्या कामाच्या विरोधात नाही. पण त्या पाईपांच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी शेवटी ओढ्यात आणि नदीतच जाणार. त्यात किती क्षार, किती नायट्रेट, हे आत्तापासून मोजलं पाहिजे. आयोवाने जे पन्नास वर्षांनी मोजलं ते आपण पहिल्या दिवसापासून मोजू शकतो.

उलट उदाहरणही आहे. डेन्मार्कने १९८७ पासून खतावर कडक नियम लावले, प्रत्येक शेताचा नत्राचा हिशेब ठेवला. शेतांतून पाण्यात उतरणारं नत्र साधारण निम्म्यावर आलं. त्यांची शेती काही बुडाली नाही. आपल्याला इतकं कडक जमणार नाही, पण माती परीक्षण करून खत देणं, एकदम पोती ओतण्याऐवजी ठिबकमधून थोडं थोडं देणं, पाचट न जाळता शेतात ठेवणं, ओढ्याकाठी पाच-दहा फूट गवताची पट्टी सोडणं, हे आपल्याच जिल्ह्यातले काही शेतकरी आजही करतात आणि त्यांचा खर्च कमीच झालाय.

मग तुम्ही काय करायचं?

माझी पहिली मागणी ग्रामपंचायतीकडे आहे. पिण्याच्या प्रत्येक स्रोताचं नायट्रेट वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासा आणि आकडा फलकावर लिहा. 'पाणी पिण्यायोग्य आहे' असं वाक्य नको, आकडा हवा. जल जीवन मिशनमध्ये गावागावांत तपासणी संच दिले आहेत, प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावचा संच कुठल्या कपाटात आहे ते एकदा विचारा.

घरासाठी थोडक्यात सांगतो. साधा कँडल फिल्टर, यूव्ही, तुरटी, क्लोरीनच्या गोळ्या, यांतलं काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ काढतो, पण मेंब्रेन वेळेवर बदललं तरच. सरसकट सगळ्यांनी आरओ बसवा असं मी म्हणत नाही. त्यात बरंच पाणी फुकट जातं आणि ज्या घरात नळाला धरणाचं शुद्ध केलेलं पाणी येतं तिथे त्याची गरज नाही. आधी तपासा, मग ठरवा. सुट्या जारचं पाणी थंड असतं म्हणून शुद्ध असेलच असं नाही.

पुरानंतरची गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. विहीर पुराच्या पाण्याखाली गेली असेल तर ती उपसून, टीसीएल टाकून, मगच वापरा. आणि त्या दिवसांत उकळणं सोडू नका. नायट्रेटच्या भीतीने जंतूंचं पाणी पिणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. मोठ्या माणसांनी पाणी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळावं आणि झाकून ठेवावं, एवढं पुरतं. आटवायचं मात्र नाही.

नमुना घ्यायला एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. मोटार किंवा हातपंप पाच मिनिटं चालू ठेवून त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळा, मग भरा आणि थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण विभागाच्या आणि पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळा हे काम करतात. जंतूंची तपासणी हवी असेल तर त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. अहवाल आला की नीट बघा, 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट नायट्रोजन'. नायट्रेट असेल तर मर्यादा ४५. नायट्रेट नायट्रोजन असेल तर त्या आकड्याला ४.४ ने गुणा आणि मग ४५ शी ताडून पाहा. बारा आकडा बघून निश्चिंत झालात आणि तो नायट्रोजनचा निघाला, तर तुमच्या विहिरीत नायट्रेट ५३ आहे.